वॉर्डाचा चार्ज

१ मार्च २०२३, बुधवार

बदलीचा कागद आला. लांब कुठे नाही, याच रुग्णालयात. स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डातून ऑपरेशन थिएटरला. ३१ तारखेपर्यंत ‘विद्यमान कार्यभार हस्तांतरित करून’ रुजू व्हायचं. अंतर म्हणाल तर एक जिना आणि एक कॉरिडॉर. मधे डेड स्टॉकचं रजिस्टर आहे, म्हणून महिना दिलाय.

बाहेरच्या लोकांना सिस्टर म्हटलं की इंजेक्शन आणि सलाईन आठवतं. परिसेविका झाल्याच्या दिवशी वॉर्डातली प्रत्येक निर्जीव वस्तू तुमच्या नावावर चढते, हे त्यांच्या गावी नसतं. खाटा, गाद्या, लॉकर, बेडपॅन, ड्रिप स्टॅन्ड, बीपीची यंत्रं, ऑक्सिजनचे फ्लोमीटर, किडनी ट्रे, कात्र्या, पडदे, ब्लँकेटं. हरवलं की वसुली पगारातून. मी चार्ज घेतला तो आधीच्या बाईंकडून, त्यांनी त्यांच्या आधीच्या बाईंकडून. पहिल्या पानावर एनॅमलचे जग लिहिलेत. अख्ख्या वॉर्डात एनॅमलचा जग कुणी पाहिलेला नाही. पण निर्लेखन झाल्याशिवाय नोंद उतरत नाही, आणि फुटकी का होईना, वस्तू समितीपुढे ठेवल्याशिवाय निर्लेखन होत नाही. नसलेली वस्तू मोडीत कशी काढायची? तर ते जग माझ्याकडे आहेत. कागदोपत्री.

४ मार्च, शनिवार

यादी करायला बसले आणि तासाभरात उठले. वॉर्डातल्या वस्तू वॉर्डात नाहीतच. एक नेब्युलायझर थंडीत लहान मुलांच्या वॉर्डाने नेला, तो तिथेच रुळलाय. दोन ड्रिप स्टॅन्ड अपघात विभागात. त्यांची एक ट्रॉली आमच्याकडे. आमचं म्हणून जे सक्शन मशीन आहे ते मूळचं सर्जरीचं. त्यांनी ऑइलपेंटने घातलेल्या नंबरावर आम्ही चिकटपट्टी लावून आमचा नंबर लिहिलाय.

औषधांचंही तसंच. इन्डेंट पाठवलं की अर्ध्या नावांपुढे लाल शाईत ‘एनए’ (उपलब्ध नाही) होऊन परत येतं. मग फोनाफोनी. “फ्युरोसेमाइड आहे का हो तुमच्याकडे? दहा अँप्युल द्या, सोमवारी परत करते.” सोमवारी आमचंच आलं तर. हे देणं-घेणं कुठल्याही शासकीय रजिस्टरात सापडणार नाही. माझ्या टेबलाच्या खणात शाळेची दोनशे पानी वही आहे, तिच्यात सापडेल. ऑडिटवाल्यांच्या हाती ती पडली तर माझी चौकशी लागेल. पण ती नसती तर रात्री दोनला फुप्फुसात पाणी भरलेली बाई समोर असताना कुणाला फोन करायचा, हे नव्या सिस्टरला कोण सांगणार?

पेशंटच्या नातेवाइकांना वाटतं, एवढा मोठा सरकारी दवाखाना, इथे काय कमी आहे. मोठा आहे खरा. वॉर्ड मात्र उधारीवर चालतो, आणि ती उधारी एकमेकींच्या शब्दावर मिळते. अमकी इन्चार्ज शब्दाची पक्की, तिला द्या. तमकी नेते आणि विसरते, तिला “संपलंय” म्हणा.

वेळही अशीच उसनी चालते. तू माझी नाइट कर, मी तुझ्या दोन इव्हिनिंग करते. ड्युटी लिस्ट मी दर आठवड्याला स्वच्छ अक्षरात लिहिते आणि मंगळवारपर्यंत तिचं मूळ रूप ओळखू येत नाही.

७ मार्च, मंगळवार

धुळवड. दुपारपर्यंत शांत, तीननंतर कॅज्युअल्टी भरली. आमच्याकडे फक्त एक मुलगी आली, उंदराचं औषध घेतलेली. रंग लागलेलाच होता गालाला. बरी आहे. आई बाकावर बसून म्हणत होती, “घरात थोडं बोलणं झालं, बास.” या वाक्याला आम्ही आता पुढचा प्रश्न विचारत नाही, एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायचा, कागद पुढे करतो.

८ मार्च, बुधवार

महिला दिन. सभागृहात सगळ्यांना एकेक गुलाब. पाहुण्या बाई चांगल्या बोलल्या, आणि बोलता बोलता अरुणा शानबागवर आल्या. परिचारिकांची माया काय असते ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी जगाला दाखवलं, वगैरे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन मात्र ते मनातून जाईना. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममधली नर्स अरुणा ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली होती. तिथे तिच्याच रुग्णालयातल्या सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. पुढची ४१ वर्षं आणि वर काही महिने ती त्याच रुग्णालयात, वॉर्ड नंबर ४ लगतच्या खोलीत पडून होती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली. तिला बेडसोर होऊ दिला नाही, हे कोर्टाच्या निकालातही नोंदवलेलं आहे. ज्याने कधी अंथरुणाला खिळलेला माणूस दर दोन तासांनी कुशीवर वळवलाय त्यालाच या नोंदीची किंमत कळेल.

पाहुण्या बाईंनी इथवर सगळं सांगितलं. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, अरुणाला नीट वागणूक आणि स्वतःला कामावर सुरक्षितता मागायला, हे राहून गेलं. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला केईएममधून हलवायचं ठरवलं, तेव्हा सिस्टर आडव्या आल्या आणि पालिकेला बेत सोडावा लागला, हेही राहिलं. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार पिंकी विराणींची अरुणाच्या दयामरणासाठीची याचिका फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने नाव घेतलं ते केईएमच्या कर्मचाऱ्यांचं. मालकाला खाट मोकळी हवी होती, नोकरांनी माणूस धरून ठेवला. यात माया आहेच. पण संप आणि विरोध वगळून नुसतीच माया उरवली की गुलाबावर भागतं.

आमच्या वॉर्डात सिस्टरांची कपडे बदलायची जागा म्हणजे लिननच्या खोलीतला पडद्याआडचा कोपरा. दाराला आतून कडी नाही. कडीची मागणी दिली आहे. दुरुस्तीचं खातं वेगळं, त्यांचं अंदाजपत्रक यायचंय.

११ मार्च, शनिवार

जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा मंगळवारपासून बेमुदत संप. जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीत बैठक. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्यांचा गठ्ठा आलाय.

वॉर्डात एकच गणवेश घालून दोन प्रकारच्या सिस्टर उभ्या असतात. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या आणि नंतर लागलेल्या. मी १९९४ ची. निवृत्तीनंतर मला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं आणि त्यावर महागाई भत्ता, जिवंत असेपर्यंत. नंतरच्यांचे पगारातून दहा टक्के कापले जातात, शासन चौदा घालतं, पैसा बाजारात जातो, आणि शेवटी साठ टक्के हातात घेऊन उरलेल्यातून जी काय मिळेल ती पेन्शन. केजची आमची सिस्टर २०११ ची. हिशेब करून म्हणाली, “मॅडम, मला सतरा-अठरा वर्षांनी काय मिळेल ते आज कुणी सांगू शकत नाही. तुम्हाला काय मिळेल ते मीसुद्धा सांगू शकते.” दोघी एकच नाइट करतो. टीबीचा पेशंट खोकतो तेव्हा नेमणुकीची तारीख विचारून खोकत नाही.

तरी माझ्या मनात पेन्शन म्हटलं की पहिल्यांदा आमची एक गेलेली सिस्टर येते. २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. कोविड वॉर्डातून घरी, घरातून पुन्हा त्याच वॉर्डात, यावेळी खाटेवर. नेमणूक २००८ ची. जाहीर झालेला पन्नास लाखांचा विमा खेटे घालून घालून मिळाला. पण कुटुंबाला पेन्शन नाही. चार वर्षं आधी लागली असती तर नवऱ्याला महिन्याच्या महिन्याला आली असती. तो आता बहिणीच्या घराजवळ राहतो, पोरगं सातवीत आहे.

मी संपात जाणार. दोन-तीन जणींनी आश्चर्य दाखवलं, “तुमचं तर जुनंच आहे की.” आहे. म्हणूनच जाते.

१४ मार्च, मंगळवार

सकाळी आठला नाइटच्या सिस्टरनी ओव्हर दिला तो पाठ्यनिर्देशिकांना, कंत्राटी मुलींना आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना. आयसीयू आणि अपघात विभागात संघटनेनेच काही जणी ठेवल्या. मी औषधांच्या कपाटाची आणि मॉर्फिनच्या छोट्या कपाटाची किल्ली सहाय्यक अधिसेविकांकडे सही घेऊन दिली आणि संपाच्या मंडपात येऊन बसले. टीव्हीवर मेस्मा, मेस्मा (अत्यावश्यक सेवांचा कायदा) चाललंय.

अकराच्या सुमारास रेसिडेंट डॉक्टरांचा फोन. “सिस्टर, थ्री-वे कुठे असतात?” तिसऱ्या कपाटात, खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात. अर्ध्या तासाने पुन्हा. “ग्लुकोमीटरच्या पट्ट्या?” फ्रिजवरच्या खोक्यात, फ्रिजमधे नाही. मग पंचवीस नंबरच्या आजींचं काय ते. त्यांना गोळी नुसती दिली तर तोंडात धरून ठेवतात, गुळाच्या खड्याबरोबर द्यावी लागते. केजची सिस्टर हसायला लागली. “मॅडम, तुम्ही संपावर आहात का फोनवर ड्युटीला?” फोन बंद करायला हवा होता, असं संघटनेच्या ताई म्हणाल्या. नाही केला.

१६ मार्च, गुरुवार

दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा. मंडपाचं कापड फाटलं, आम्ही ओपीडीच्या व्हरांड्यात पळालो. तिथे गावाकडून आलेले एक बाबा टॉवेल पिळत उभे होते, सुनेला दाखवायला आणलेलं.

“गहू आडवा झाला, हरभरा गेला,” म्हणाले. “तलाठ्याला फोन लावला तर तो बी संपावर. हितं आलो तर तुमी बी संपावर. आमचा पंचनामा कोण करायचा, माय?”

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. संघटनेच्या ताईंनी त्यांना समजावायला सुरुवात केली, आम्ही कशासाठी बसलोय ते. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. म्हणाले, “पेन्शन बराबर हाये. आमाला बी पायजे.” मग सुनेचा केसपेपर काढला. मी तिला कॅज्युअल्टीत नेऊन बसवलं. श्वास लागत होता, ओठ निळसर. झडपेचा आजार असावा. आत घेतलं तिला.

२० मार्च, सोमवार

संध्याकाळी संप मिटला. मुख्यमंत्र्यांशी बोलणं झालं, तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती तीन महिन्यांत अहवाल देणार. मंडपात पेढे कुणी आणलेच होते म्हणून वाटले. निम्म्या जणी खूश, निम्म्या म्हणत होत्या, समितीच हवी होती तर आठवडा कशाला घालवला. संपाचे दिवस कोणत्या रजेत बसवायचे याची चर्चा मंडप सोडायच्या आतच सुरू झाली.

२१ मार्च, मंगळवार

आज वॉर्डात शिरले आणि दारातच थांबले. फरशी दिसत होती.

आमच्या वॉर्डाच्या मंजूर खाटा तीस. पेशंट कधी पन्नासच्या खाली नसतात. वरच्या खाटा भरल्या की दोन खाटांच्या मधे गाद्या, मग भिंतीकडेला, मग पॅसेजमधे. ‘खालचे’ म्हणतो आम्ही त्यांना. इंजेक्शन देताना गुडघ्यावर बसायचं, उठताना खाटेचा लोखंडी पाय धरायचा. आमच्या वयाच्या सगळ्या सिस्टरांचे गुडघे याच कवायतीत गेलेत. संपात नव्या पेशंटना दाखल करणं जवळपास थांबलं, जे सुधारले त्यांना घरी सोडलं, आणि आज वॉर्डात चोवीस बायका होत्या. सगळ्या खाटेवर. सहा खाटा रिकाम्या, चादर ताणलेल्या. मी नोकरीत असं पाहिलेलं नव्हतं.

सकाळच्या पाळीत आम्ही चौघी, म्हणजे सहाला एक. भारतीय परिचर्या परिषद शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डाला तीन रुग्णांमागे एक परिचारिका सांगते. तिथे पोचायला अजून निम्मी वाट होती, तरी काय फरक पडला! केजच्या सिस्टरने एका म्हातारीची नखं कापली. इन्सुलिनवर नव्याने टाकलेल्या बाईला सुई कशी टोचायची ते शेजारी बसून शिकवलं, तिच्याकडून दोनदा करून घेतलं. एरवी हे आम्ही डिस्चार्जच्या कागदावर लिहून देतो. निळसर ओठांची ती सून डाव्या रांगेत आहे, ऑक्सिजन कमी केलाय तिचा. विद्यार्थिनी मला म्हणत होत्या, “मॅडम, पुस्तकात असतं ना, तसा वाटतोय आज वॉर्ड.”

मी लगेच स्टॉक मोजायला घेतला. रिकाम्या खाटांखाली हरवलेलं सगळं निघालं. चार बेडपॅन, किडनी ट्रे, एक बीपीचा कफ, आणि ज्याच्यासाठी मागच्या वर्षी मी लेखी खुलासा दिला होता तो ऑक्सिजनचा फ्लोमीटर.

दुपारी हे सगळं मेट्रन मॅडमना कौतुकाने सांगितलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “आणि बाकीच्या तीस बायका कुठे गेल्या असतील?”

रात्री तेच डोक्यात आहे. काही खाजगीत गेल्या असणार, कानातलं गहाण टाकून. महात्मा फुले योजनेत खाजगी दवाखाना बसत असेल तर काहींचं निभावलं असेल. काही घरीच. त्या कुठल्याच आकड्यात येणार नाहीत, आमच्याकडे दाखलच नव्हत्या ना. जो सुंदर वॉर्ड मी आज पाहिला तो त्यांना दाराबाहेर ठेवून तयार झाला होता. पण म्हणून रोजचा वॉर्ड बरा, असंही मी म्हणणार नाही. पन्नास बायकांना तीन सिस्टर, हे ज्यांनी ठरवलं (ठरवलं तरी कुठे, होऊ दिलं) त्यांना रोजच्या वॉर्डात काही चुकीचं दिसत नाही, कारण तो चालतो. आम्ही तो चालवतो म्हणून. जितकं उधारीवर निभावून नेऊ तितका वरच्याला पुरावा, की आहे एवढं पुरतं.

२२ मार्च, बुधवार

पाडवा. मॉर्निंग ड्युटी केली, गुढी मुलाने उभारली. पाच दिवसांचा आठवडा राज्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून आहे, पण अत्यावश्यक सेवा सोडून. मंत्रालयातल्या माझ्या मावसभावाला सण-शनिवार-रविवार जोडून तो कुठे कुठे फिरला याचे फोटो पाठवायची हौस आहे. पाठवू दे.

संध्याकाळपर्यंत खालच्या गाद्या पुन्हा टाकल्या. पेशंट एकोणचाळीस.

२७ मार्च, सोमवार

मार्चएंड. वर्षभर ‘निधी नाही’ म्हणणाऱ्या टेबलांवरून आज फोन, तीन दिवसांत खर्च दाखवायचाय, काय हवं ते लिहून द्या. मी घाईघाईने ब्लँकेटं, ड्रिप स्टॅन्ड आणि दाराची कडी लिहून दिली. कडी या शीर्षात बसत नाही. ब्लँकेटं बसतात. उन्हाळ्याच्या तोंडावर शंभर ब्लँकेटं येतील.

चार्ज घेणारी सिस्टर आली होती. हुशार आहे, एकेक वस्तू हात लावून बघते. नेब्युलायझर परत आणायला लहान मुलांच्या वॉर्डात दोघी गेलो. तिथल्या इन्चार्ज म्हणाल्या, “न्या, पण आज नको, चार लेकरं लाइनीत आहेत.” रांगेतली पोरं बघून नवी गप्प बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, “यादीत ‘आहे’ लिहूया का?” मी म्हटलं, लिही. आणि खणातली दोनशे पानी वही तिच्या हातात दिली. तिने पहिली तीन पानं वाचली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, खरा चार्ज हाच की.”

३१ मार्च, शुक्रवार

एनॅमलचे जग तिने घेतले. सही केली, शेरा न मारता. सात ब्लँकेटं, दोन कात्र्या आणि एक स्टीलचा ट्रे कमी भरला, तेवढी वसुली माझ्यावर लागेल. ती पगारातून जाऊ दे, अर्ज-विनंत्या करत बसायची इच्छा नाही.

रात्री जेवताना ग्रुपवर पीडीएफ येऊन पडली. वित्त विभागाचा शासन निर्णय, आजच्याच तारखेचा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतला कर्मचारी सेवेत असताना गेला तर कुटुंबाला कुटुंबनिवृत्तिवेतन, शिवाय उपदान. दोनदा वाचली. संपाची मागणी वेगळी होती, ती समितीकडे आहे. पण हे आलं.

कोविडमध्ये गेलेल्या त्या सिस्टरच्या नवऱ्याला फोन लावला. झोपेतून उठला बिचारा. आधी त्याला खरंच वाटेना, मग म्हणाला, “मॅडम, खात्यात जमलेले पैसे आम्ही काढून घेतलेत, ते परत मागतील का?” म्हटलं, मागतीलही, ते बसून नीट बघू. “सेवापुस्तक कुठे असेल तिचं?” आस्थापना शाखेत. मागच्या पावसाळ्यात कपाटं हलवली होती, त्यामुळे शोधावं लागेल, पण तिथला क्लार्क माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या आईला मी महिनाभर सांभाळलंय वॉर्डात.

“मग कधी येऊ?”

सोमवारी अकराला ये म्हटलं. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, पोराचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक. आणि दोन फोटो आण, मागितले नसले तरी कुणीतरी मागतंच.